कागदी रॉकेट वर जाऊन कोलांट्या खात असेल तर

अर्धा इंची पीव्हीसी नळीवर ए-फोर कागद गुंडाळून केलेलं, बाटलीवर पाय आपटून उडवायचं रॉकेट. खारघरच्या मैदानावर दर वेळी तीनेक मीटरवर कोलांटी. पंख जाड पुठ्ठ्याचे केले, शेपटीला टेप वाढवला, आणखीच बिघडलं. दोन रविवार वाया, डोकं फिरलं.

वजन मागे पडत होतं. रॉकेटचा बाजूने दिसणारा आकार पुठ्ठ्यातून कापून पट्टीच्या कडेवर तोलला. जिथे तोलला, हवेच्या दाबाचं केंद्र, म्हणजे हवेचा बाजूचा जोर एकवटतो ती जागा, अंदाजे तिथे. रॉकेटवर नाकापासून तेवढ्याच अंतरावर खूण केली. मग नाकात गणपतीतली उरलेली शाडू थोडी थोडी दाबत गेलो, रॉकेटचा स्वतःचा तोलबिंदू खुणेच्या निदान एक व्यास, म्हणजे २१ मिमी, पुढे येईपर्यंत. शेवटी तोलबिंदूवर दोरा चिकटवून डोक्याभोवती गरगर फिरवलं. नाक पुढे राहिलं, तेव्हाच उडवलं. सरळ गेलं, थेट गुलमोहरात अडकलं.