संपाआधी सभासदत्वाचे कागद कसे जुळवावेत: नाशिकच्या सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांसाठी

संपानंतरच्या भांडणात मोर्चात कोण पुढे होतं हे कोणी विचारत नाही. पावती, ठराव आणि आवक शिक्का मागतात.

आधी आपण कोणत्या नियमांत बसतो ते पाहा. कलेक्टर कचेरी किंवा सिव्हिलमधल्या राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला 1979 च्या वर्तणूक नियमांनी संपच वर्ज्य आहे, आणि सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये सांगितलंय. तिथे रीतसर नोटीस दिली तरी वर्तणूक नियमांतून सुटका होत नाही. एसटी, महावितरण आणि महापालिकेचे कामगार मात्र कामगार कायद्यात येतात. औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. नोटीस दिल्यावर 14 दिवस थांबायचं आणि 60 दिवसांच्या आत संप करायचा. तडजोड अधिकाऱ्यापुढे कामकाज सुरू असताना आणि ते संपल्यावर 7 दिवस संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. तेव्हा 'सामूहिक रजा आहे, संप नाही' ही पळवाट आता बंद समजा. मेस्मा (अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा राज्याचा कायदा) लागला की नोटीस कितीही बिनचूक असो, संपावर बंदी येते. जुन्या कायद्यांच्या नावाचे नमुने अजून फिरतात; नोटीस काढण्याआधी कामगार उपायुक्त कार्यालयात नमुना दाखवून घ्या.

आता पावती, कारण घोळ इथेच होतो. प्रत्येक पावतीवर क्रमांक, महिना, रक्कम, घेणाऱ्याची सही हवी. महिन्याची जागा कोरी सोडून सहा पावत्या एकदम फाडायची सवय अनेक डेपोंत आहे. संघटनेच्या मान्यतेसाठी सभासदसंख्येची पडताळणी होते तेव्हा पहिला आक्षेप अशाच पावत्यांवर येतो. खाडाखोड झाली तर ती पावती रद्द करून नवी फाडा, आणि रद्द पावती पुस्तकातच ठेवा. एकाच महिन्याच्या दोन संघटनांच्या पावत्या तुमच्या नावावर निघाल्या तर तुम्ही नेमके कोणाचे, हा वाद तुमच्याच टेबलावर येतो. संघटना सोडायची तर राजीनामा संघटनेला आणि वर्गणी कपात थांबवण्याचा अर्ज आस्थापना शाखेला, असे दोन वेगळे कागद द्या. दुसरा राहून गेला की कपात चालूच राहते.

वर्गणी भरणं आणि संघटनेची घटना पाळणं हे सभासदाचं कर्तव्य. संप निधी सक्तीचा आहे का, हे घटनेत आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात बघा. त्याची पावती वर्गणीपेक्षा वेगळी मागा. राजकीय निधीची सक्ती करता येत नाही. हिशेबाची पुस्तकं बघायला मागणं हा सभासदाचा हक्क आहे, कोणी डोळे वटारले तरी.

संपात सामील झाला नाही म्हणून काढायचं असेल तर घटनेतल्या कलमाप्रमाणे आरोप लेखी द्यावा, मुदत द्यावी, म्हणणं ऐकावं आणि मग ठराव करावा. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढणं म्हणजे सभासदत्व रद्द करणं नव्हे. गेटवर घोषणा देणं ठीक, पण कामावर जाणाऱ्याला अंगाने अडवणं किंवा साहेबांच्या घरासमोर निदर्शनं करणं हे 1971 च्या राज्य कायद्यात संघटनेची अनुचित प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. त्या कायद्याखाली तक्रारीची मुदत 90 दिवस. अडवलं गेलं तर त्याच दिवशी डेपो मॅनेजरला वेळेसह लेखी कळवा, नाहीतर मस्टरवर गैरहजेरीच लागेल.

पगाराचं गणित सोपं नाही. काम नाही तर वेतन नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 10 किंवा जास्त जण नोटीस न देता, सबळ कारणाविना मिळून गैरहजर राहिले तर जास्तीची, 8 दिवसांच्या वेतनापर्यंतची कपात होऊ शकते.

दोषारोपपत्र आलं तर संघटनेने छापलेलं एकच उत्तर भरू नका. तुमची रजा, ड्युटी, तारखा वेगळ्या असतात. दुसऱ्याच्या उत्तरातला 'मी संपात होतो' हा कबुलीजबाब तुमच्या सहीने जातो.

परत रुजू होताना हजर अहवाल दोन प्रतींत द्या, तारीख आणि वेळ लिहा, आपल्या प्रतीवर पोच घ्या. 2022 मध्ये एसटी कर्मचाऱ्यांना रुजू व्हायला उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत मुदत दिली होती. अशा वेळी एका दिवसाचा फरकही महागात पडतो. सोबत हमीपत्र पुढे केलं तर सेवाखंड (नोकरीत खंड पडल्याचं धरणं) मान्य केल्याचं किंवा वेतनावरचा हक्क सोडल्याचं वाक्य त्यात आहे का ते वाचूनच सही करा.