कंटेनरच्या घराचा विमा काढताय? या चुका टाळा

मुळशी, कर्जत, अलिबागकडे शेतजमिनीवर ट्रेलरने आणून ठेवलेली कंटेनरची किंवा पफ पॅनेलची (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तक्त्यांची) घरं आता सर्रास दिसतात. घर चटकन उभं राहतं, घोडं अडतं ते विम्यापाशी. कंपन्यांचे अर्ज विटा-सिमेंटच्या, जागचं न हलणाऱ्या घरासाठी केलेले असतात.

ऑनलाइन अर्जात ‘फ्लॅट’ की ‘स्वतंत्र घर’ एवढंच विचारतात. घाईघाईत ‘स्वतंत्र घर, आरसीसी बांधकाम’ निवडून हप्ता भरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नुकसान झाल्यावर त्याची पाहणी करणारा सर्व्हेअर येतो, समोर लोखंडी पेटी बघतो आणि चुकीची माहिती दिली या मुद्द्यावर दावा अडकतो. एजंटचं ‘चालतं हो’ त्या वेळी कामाला येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी शाखेला ईमेल करा. भिंती आणि छत कशाचं, पाया कसला, घर पायाला बोल्टने जखडलंय का, हे सगळं लिहा. फोटो आणि घर बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचं बिल जोडा आणि लेखी होकार मिळवा.

पॉलिसी कोणती? १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरांसाठीची प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांत सारखी, पॉलिसी आली. आग, वादळ, पूर, भूकंप, दरड हे सगळं तिच्यात येतं. ‘कंटेनर म्हणजे कच्चं बांधकाम’ असं कुणी ऐकवलं, तर तिच्यातली व्याख्या वाचायला सांगा. लाकडी फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री, कॅनव्हास अशा गोष्टींच्या भिंती किंवा छत असेल तर ते कच्चं. लोखंडी कंटेनरचं नाव त्यात नाही. फळ्यांचं कॉटेज किंवा तंबू मात्र त्यात येतो.

घर हलवता येतं म्हणून घेतलं आणि एक दिवस खरंच हलवलं, तर? विमा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यापुरता असतो. तिथून हलवलेल्या मालमत्तेचं नुकसान तो भरून देत नाही. घराच्या प्रवासासाठी इनलँड ट्रान्झिटचा, म्हणजे देशांतर्गत मालवाहतुकीचा, वेगळा विमा घ्यावा लागतो. त्यातही ‘सी’ प्रकारचं कलम आग आणि विजेपुरतंच असतं. क्रेनवरून घर आपटलं तर ते उपयोगाचं नाही, म्हणून ‘ए’ प्रकार मागा आणि चढवणं-उतरवणं त्यात धरलंय का हे विचारा. नव्या जागेचा पत्ता पॉलिसीत बदलून घेतल्याशिवाय घर तिथे टेकवू नका.

पाया हा लोकांचा सगळ्यात दुर्लक्षित विषय. ‘जहाजावर टिकतो, तुमच्या शेतात काय होणार’ असं विकणारा सांगतो. जहाजावर कंटेनर कड्यांनी जखडलेला असतो, शेतात विटांच्या रांगेवर नुसता ठेवलेला! ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा काय करतो हे कोकणाने पाहिलंय. शिवाय उतारावर भराव घालून घर ठेवलं आणि भराव खचला, तर त्याची भरपाई मिळत नाही. दरड कोसळणं विम्यात येतं, पण भरावाची जमीन बसणं किंवा सरकणं वगळलेलं आहे. गंज आणि झीजही वगळलेली. नदीकाठची जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा आधी बघा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या.

विम्याच्या रकमेत काटकसर करणारे पुष्कळ. बिलाएवढीच रक्कम लिहितात, पण बिलात फक्त डबा असतो. पाया, सेप्टिक टँक, सोलर पॅनेल, वायरिंग, आतलं इन्सुलेशन राहून जातं. घरातलं सामान आपोआप धरलं जातं ते घराच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख. म्हणजे सहा लाखांच्या घराला एक लाख वीस हजार. एसी, फ्रिज, इन्व्हर्टर, टीव्ही मिळून त्यापुढे जात असेल तर सामान वेगळं नोंदवा. मोडकं घर हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच मिळतो. पाच लाखांच्या दाव्यावर दहा हजार. वाकलेला कंटेनर अरुंद गावरस्त्यावरून क्रेन आणि ट्रेलरने न्यायला तेवढे पुरतील असं वाटत नाही.

शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने देत असाल तर तो व्यवसाय झाला. गृह रक्षा राहण्याच्या घरासाठी आहे. होमस्टेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या छोट्या व्यवसायांच्या पॉलिसीबद्दल विचारा.

चाकांवरची, नोंदणी झालेली कॅरॅव्हॅन ही मोटार आहे. तिला मोटार विमाच लागतो, थर्ड पार्टी कायद्याने सक्तीचा. आतली बसवलेली उपकरणं किमतीसह वेगळी नोंदवायची. भांडीकुंडी त्यात येत नाहीत.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. तक्रारीची मुदत एक वर्ष, भरपाईची मर्यादा ५० लाखांपर्यंत. शुल्क नाही, वकीलही लागत नाही.