ब्रिटनमध्ये प्री-सेशनल शिकवू इच्छिणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी

महाराष्ट्रात दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकवलेल्या आणि पतीच्या किंवा पत्नीच्या नोकरीमुळे ब्रिटनमध्ये आलेल्या शिक्षकांशी माझे वरचेवर बोलणे होते. आपल्या अनुभवाला इथे काही किंमत आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी २००८ साली नाशिकहून आले, तेव्हा माझ्यापाशी इंग्रजी साहित्यातील एमए, बीएड आणि अकरावी-बारावीला शिकवण्याची नऊ वर्षे होती, आणि हाच प्रश्न मलाही पडला होता. २०११ पासून मी जवळजवळ दर उन्हाळ्यात विद्यापीठांच्या प्री-सेशनल अभ्यासक्रमांवर शिकवत आले आहे. मी ज्या ठिकाणी ठेचकाळले त्याच ठिकाणी नव्याने आलेल्यांना ठेचकाळताना पाहिले, म्हणून हे लिहीत आहे.

प्री-सेशनल म्हणजे काय, हे आधी सांगते. इथले शैक्षणिक वर्ष सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. परदेशी विद्यार्थ्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश देताना विद्यापीठ बहुधा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ च्या आसपास गुण मागते. ज्याला ६ किंवा ५.५ मिळाले आहेत, त्याला सशर्त प्रवेश देऊन उन्हाळ्यात सहा, दहा किंवा बारा आठवडे शैक्षणिक इंग्रजी शिकवले जाते; तो अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला की इंग्रजीची अट पूर्ण झाली असे धरतात आणि तो मूळ अभ्यासक्रमाला बसतो. नापास झाला तर त्याचे वर्ष जाते, आणि घरच्यांनी भरलेले पैसे, व्हिसा, राहण्याची सोय हे सगळे अधांतरी होते. वर्गात शिरताना समोरच्या पंधरा-सोळा मुलांवर हे ओझे आहे याची जाणीव ठेवावी.

आपल्या लोकांचा सल्ला या बाबतीत मला उपयोगी पडला नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या बहुतेकांनी मला सांगितले, की इंग्रजांच्या देशात भारतीय माणसाकडून इंग्रजी कोण शिकेल, त्यापेक्षा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. त्यांनी ते मायेपोटीच सांगितले होते, परंतु त्यांच्यापैकी कोणीही विद्यापीठाचे भाषाकेंद्र आतून पाहिलेले नव्हते. मी ज्या शिक्षक-खोल्यांत बसले तिथे ग्रीक, पोलिश, तुर्की आणि चिनी शिक्षक होते. जी इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून, व्याकरण घोटून, शब्दकोश उशाशी घेऊन शिकली, तिला ती भाषा नेमकी कुठे अडते ते ठाऊक असते, आणि माझ्या सोबतच्या अनेक इंग्रज शिक्षकांना हे मनापासून मान्य होते. उच्चार बदलून बोलण्याचा प्रयत्न मात्र करू नये. शब्दांतील आघाताकडे लक्ष द्यावे, कारण ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या आणि ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्या अवयवावर (सिलॅबलवर) येणारा जोर आपल्या बोलण्यात सपाट होतो आणि त्यामुळे विद्यार्थ्याला खरोखर अडचण होते. तेवढे पुरे आहे.

पात्रतेविषयी स्पष्ट सांगायला हवे. साहित्यातील एमए आणि बीएड यांनी तुमचे शिक्षण सिद्ध होते, पण जाहिरातीत मागितलेली अट पूर्ण होत नाही. तिथे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्र, म्हणजे केंब्रिजचे सेल्टा किंवा ट्रिनिटीचे सर्टटेसॉल, आणि वरच्या जागांसाठी डेल्टा ही त्यापुढची पदविका मागतात. सेल्टात किमान १२० तासांचे शिक्षण असते आणि त्यातच खऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गावर, निरीक्षकासमोर, सहा तास शिकवावे लागते. हे सहा तासच महत्त्वाचे आहेत. इंटरनेटवर स्वस्तात मिळणारी ‘१२० तासांची’ प्रमाणपत्रे या सहा तासांविना असतात आणि प्री-सेशनलची निवड समिती ती बाजूला ठेवते. माझ्या ओळखीच्या तिघींनी अशा प्रमाणपत्रांवर पैसे घालवले. चौथीने घालवू नयेत. भारतीय पदव्यांची ब्रिटिश पदव्यांशी तुलना दाखवणारे पत्र एक्टिसकडून मिळते. या संस्थेचे आधीचे नाव नारिक होते, म्हणून जुन्या ओळखीचे लोक तेच नाव सांगतील. शैक्षणिक इंग्रजीच्या शिक्षकांची बॅलिआप नावाची संघटना आहे. तिने २००८ साली या शिक्षकांकडे कोणती कौशल्ये असावीत याचा आराखडा प्रसिद्ध केला. मुलाखतीपूर्वी तो वाचावा, कारण तिथले प्रश्न बहुधा त्याच अंगाने येतात.

जाहिराती जानेवारीपासून येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक जागा भरतात; मे महिन्यात जागे होणाऱ्याला उरलेसुरले मिळते. बँक, डॉक्टरकडची नोंदणी, नोकरीसाठी लागणारा नॅशनल इन्शुरन्स क्रमांक ही कामे आल्या आल्या करावीत. नेमणूक ठरावीक मुदतीची असते आणि ती विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असते, त्यामुळे पत्र हाती आल्यानंतरही सुरुवातीची तारीख पुढे ढकलली जाते किंवा बारा आठवड्यांचे सहा होतात. काम दुसऱ्या शहरात असेल तर लांब मुदतीचा भाडेकरार करू नये. विद्यापीठाच्या वसतिगृहात उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या असतात. शिक्षकांना त्या मिळतील का, असे मुलाखतीतच विचारावे. संकोच करण्याचे काही कारण नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. हे लिहायला बसले ते मुख्यतः यासाठीच.

विद्यार्थ्याच्या मसुद्यावर स्वतःचा पेन चालवू नका. आपण महाराष्ट्रात शिकवलेले शिक्षक वही हातात आली की चुका दुरुस्त करू लागतो, आणि जितकी तांबडी शाई अधिक तितका शिक्षक कष्टाळू असे आपल्याला शिकवले गेले आहे. २०१२ साली, माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात, माझ्या वर्गात वित्तशास्त्राच्या एमएससीसाठी आलेला एक चिनी मुलगा होता. त्याचा दीड हजार शब्दांचा निबंध अगदीच कच्चा होता, आणि अंतिम प्रत देण्यास चार दिवस उरले होते. मी शनिवार-रविवारी बसून त्याचे प्रत्येक वाक्य दुरुस्त केले आणि दोन परिच्छेद तर अर्थ लागत नव्हता म्हणून नव्याने लिहून दिले. त्याने ते सगळे आज्ञाधारकपणे जसेच्या तसे उतरवले. निबंध तपासणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाला ते दोन परिच्छेद त्याच्या वर्गात लिहिलेल्या उत्तराशी जुळेनात. त्याला बोलावून त्या परिच्छेदांचा अर्थ विचारला तेव्हा त्याला तो सांगता आला नाही. शिक्षकाने मदत केली, एवढेच तो म्हणाला, आणि मी ते कबूल केले. परंतु नियमानुसार निबंध त्याचा नव्हता, त्याला शून्य मिळाले आणि पुन्हा लिहिण्याइतका वेळ शिल्लक नव्हता. सप्टेंबरात तो घरी परत गेला. त्याने माझ्याविरुद्ध एक शब्दही काढला नाही. पुढच्या वर्षी त्या विद्यापीठाने मला बोलावले नाही आणि ते योग्यच होते, पण माझे एक उन्हाळ्याचे काम गेले आणि त्याचे एक वर्ष गेले, या दोन गोष्टींची मी कधी बरोबरी करू शकले नाही.

मसुदा हातात आला की काय करावे, ते मी त्यानंतर शिकले. एका मसुद्यात तीनपेक्षा अधिक प्रकारच्या चुकांना हात लावू नये. त्या चुका समासात खुणेने दाखवाव्यात, काळासाठी एक खूण, शब्दक्रमासाठी दुसरी. दुरुस्ती त्याची त्याने करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समासात प्रश्न लिहावेत. हे विधान कशाच्या आधारावर? हे मत तुमचे की ज्याचा संदर्भ दिला आहे त्या लेखकाचे? या परिच्छेदाचा आधीच्या परिच्छेदाशी संबंध काय? परिच्छेदाचा अर्थच लागत नसेल तर कागद उलटा ठेवून विद्यार्थ्याला तोंडी सांगायला लावावे, आणि तो जे बोलला तेच लिहायला सांगावे. तो जे बोलतो ते लिहिलेल्यापेक्षा बहुतेक वेळा स्पष्ट असते. ते वाक्य व्याकरणात लंगडे असेल, पण ते त्याचे असेल, आणि सप्टेंबरनंतर त्याच्यासोबत तुम्ही नसणार. चॅटजीपीटी २०२२ च्या अखेरीस आल्यापासून तर हे अधिकच खरे झाले आहे: जो मुलगा शिक्षकाची वाक्ये उतरवतो तो यंत्राचीही उतरवेल, आणि आता पुष्कळ ठिकाणी निबंधावर तोंडी प्रश्न विचारले जातात.

वाङ्मयचौर्याविषयी पहिल्याच आठवड्यात शिक्षेची भीती घालणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि मला ती पद्धत पटत नाही. आपल्याकडे पुस्तकातील व्याख्या शब्दशः लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. तिथे आपण त्याला अभ्यासू म्हणतो. समोरच्या मुलांपैकी पुष्कळजण अशाच शाळांतून आलेले असतात, आणि हे मराठी शिक्षकाला जितके आतून समजते तितके इथे वाढलेल्याला समजत नाही. त्यांना दोषी ठरवण्याआधी वेगळी रीत हाताला लावून द्यावी. मी अशी लावते: उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचे, शेजाऱ्याला आशय सांगायचा, मग लिहायचे, मग पुस्तक उघडून ताडून पाहायचे आणि शेवटी लेखकाचे नाव व वर्ष घालायचे. पुस्तक उघडे ठेवून लिहिले की मुले दर तिसऱ्या शब्दाला समानार्थी शब्द शोधतात, आणि ते पुनर्लेखन होत नाही.

विधान सौम्य करण्याची सवय हाही असाच जड विषय आहे. आपला शालेय निबंध ठामपणाला मान देतो. ‘समाजमाध्यमांमुळे विद्यार्थ्यांचे गुण घसरतात’ हे वाक्य आपल्याकडे चालते. इथला प्राध्यापक तिथे ‘कशावरून’ असे लिहितो. ‘समाजमाध्यमांचा अतिवापर आणि कमी गुण यांचा काही संबंध असावा, असे या पाहणीवरून दिसते’ हे विद्यापीठाचे वाक्य झाले. मुलांना ही भित्रेपणाची खूण वाटते. पुरावा जेवढा आहे तेवढेच बोलणे हा प्रामाणिकपणा आहे, हे त्यांना उदाहरणांनी दाखवावे लागते, आणि त्यासाठी ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘टेंड टू’ या शब्दांवर दोन तास खर्च केले तरी ते वाया जात नाहीत. शब्दसंग्रहासाठी अव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केलेली ५७० शब्दकुळांची (एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) यादी सर्वत्र वापरतात. ती पाठ करायला देऊ नये. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयातील लेखात ते शब्द शोधायला लावावेत. प्रस्तावना कशी रचावी यासाठी जॉन स्वेल्स यांची मांडणी घ्यावी: विषयाचे महत्त्व सांगणे, त्यात राहून गेलेली जागा दाखवणे आणि ती आपण कशी भरणार ते सांगणे.

वर्गात ‘समजले का’ असे विचारू नये, कारण सगळे मान हलवतात. ज्याचे उत्तर समजल्याशिवाय देताच येणार नाही असा प्रश्न विचारावा. आपल्याला तासभर अखंड बोलण्याची सवय असते आणि ती सोडणे मला सर्वांत कठीण गेले. वरिष्ठ वर्गात बसून पाहतात त्या निरीक्षणाच्या तासाला बोलण्याचा बहुतांश वेळ विद्यार्थ्यांचा असला पाहिजे.

विद्यार्थ्यांची नावे नीट उच्चारावीत. अनेक वर्गांत निम्म्याहून अधिक मुले चिनी असतात, आणि या बाबतीत मराठी माणसाला मोठा फायदा आहे. रोमन लिपीत ‘झेड’ने सुरू होणारे चिनी आडनाव इथले लोक ‘झेंग’ असे वाचतात; तो ध्वनी खरे तर आपल्या चमच्यातल्या ‘च’च्या अगदी जवळचा आहे, चहातल्या ‘च’चा नव्हे. मात्र ‘झेड’च्या पुढे ‘एच’ असेल तर तो ध्वनी वेगळा, जीभ मागे वळवून काढलेला. रोमन ‘क्यू’ आपल्या ‘छ’जवळ जातो. पहिल्या दिवशी मुलाला स्वतःचे नाव तीनदा उच्चारायला सांगून मी ते वहीत देवनागरीत लिहून घेते. काही मुले ‘टीचर’ अशी हाक मारतात. त्यांना पहिल्या नावाने हाक मारायला हळूहळू सवय लावावी, कारण पुढे प्राध्यापकांनाही तसेच बोलवायचे असते.

गुणांविषयी एवढेच, की इथे पदव्युत्तर पातळीवर ५० ला उत्तीर्ण आणि ७० ला विशेष प्राविण्य असते, त्यामुळे ६२ हे चांगले गुण आहेत. तपासणीपूर्वी सगळे शिक्षक एकत्र बसून नमुना निबंधांना गुण देतात व फरक का पडला ते बोलतात. त्या बैठकीत आपले गुण वेगळे आले तर गप्प बसू नये. कारण सांगावे आणि दुसऱ्याचे ऐकावे.

२०२० पासून काही अभ्यासक्रम ऑनलाइनही चालतात. उन्हाळ्यात चीन इथल्या घड्याळाच्या सात तास पुढे असतो, म्हणून त्यांचे तास सकाळी लवकर सुरू होतात. घरी लहान मुले असतील तर त्याची व्यवस्था आधीच करावी.

अंतिम तपासणी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला येते आणि गणपती पुष्कळदा त्याच आठवड्यात बसतात. त्या दिवसांत रजा मिळत नाही. मी घरी दीड दिवसाचा गणपती बसवते आणि नैवेद्य आदल्या रात्री करून ठेवते. काम संपताना पी-४५ (नोकरी सोडताना मिळणारा, कापलेल्या कराचा दाखला) मागून घ्यावा, नाहीतर पुढच्या नोकरीत कर जास्त कापला जातो. अभ्यासक्रमप्रमुखांना शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष भेटून संदर्भासाठी त्यांचे नाव देऊ का, असे विचारावे, कारण जानेवारीत अर्ज भरताना तेही कदाचित दुसऱ्या विद्यापीठात गेलेले असतील.