पीडीएफ आहे, पण शोधलं की सापडत नाही?

भांडारकर संस्थेत टिपणं काढणाऱ्यांच्याही लॅपटॉपवर शेकडो पीडीएफ साठतात. आधी त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. ‘शनिवारवाडा’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उतरली, तर फॉन्ट युनिकोडपूर्व, म्हणजे दिसायला देवनागरी, आतून रोमन अक्षरं. काहीच उतरलं नाही, तर ते नुसतं चित्र. दोन्हींवर उपाय ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. त्यासाठीचं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पीडीएफ थेट घेत नाही, ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) पानांची चित्रं करून द्या. भाषा मराठीच निवडा, इंग्रजी राहिली तर बट्ट्याबोळ. रफार आणि जोडाक्षरं तरीही चुकतात, म्हणून फाइलच्या नावात लेखक, वर्ष, विषय हातानेच लिहा (कंटाळा येतो, मान्य). मग ओसीआरमधून निघालेल्या पीडीएफ झोटेरोत (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाका. तो पीडीएफच्या पोटातला मजकूरही शोधतो.