०.०००१ टक्के डिस्टॉर्शन घरी मोजताय? या चुका टाळा

परवा इंदूरच्या रामबागेतला एक ओळखीचा मुलगा लॅपटॉप काखेत मारून आला, म्हणे काका, माझ्या अँपचं (अँप्लिफायरचं) डिस्टॉर्शन, म्हणजे तो सिग्नलमध्ये स्वतःची जी भेसळ करतो ती, साउंड कार्डने मोजली तर फक्त ०.०००१ टक्के येतंय. म्हणजे मायनस १२० डीबी (डेसिबल; मायनसचा आकडा जितका मोठा तितकी भेसळ कमी), दहा लाखात एक भाग. मी विचारलं, अँप काढून नुसती वायर लावली तर किती येतं? गप्प.

अरे भिया, ते तर सगळ्यात आधी! साउंड कार्डचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडायचं, जे येईल ते वहीत लिहायचं (मी अजून वहीच वापरतो, हसा खुशाल) आणि मगच मध्ये अँप घालायचा. तिथल्या तिथे करून बघितलं तर नुसत्या वायरवर दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची भेसळ; तिप्पट असेल तर तिसरा) मायनस १०८. आता सांगा, वायरवर १०८ आणि अँप घातल्यावर १२०, अँप काय चहाची गाळणी आहे का? झालं असं की अँपचा दुसरा हार्मोनिक आणि कार्डाचा दुसरा हार्मोनिक उलट्या फेजमध्ये येऊन एकमेकांना खात होते. अँप तसाच चालू ठेवून कार्डाच्या इनपुटपाशी दोन रेझिस्टर लावून ६ डीबी पाडले, लगेच ११०. पोरगं हिरमुसलं, पण फार छान आकडा आला की मी आधी लेव्हल हलवून बघतो, आनंद नंतर.

मी स्वतः काही कमी घोळ घातलेले नाहीत. १ किलोहर्ट्झचा ट्विन-टी नॉच (मूळ सूर गाळून फक्त भेसळ मागे ठेवणारा फिल्टर) बनवला होता, १६ किलोओमचे चार रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचे चार कपॅसिटर, अर्धा रेझिस्टर आणि दुप्पट कपॅसिटर हवा तिथे दोन-दोन पॅरलल. आणि तिसरा हार्मोनिक मायनस ८५ वर हटून बसलेला. तीनदा ऑपअँप (अँपची चिप) बदलला, त्यात बोर्डाचं एक पॅड उखडलं, मग ओसिलेटरच्या (शुद्ध सूर काढणाऱ्या सर्किटच्या) लेव्हल स्थिर ठेवणाऱ्या बल्बवर संशय, महिना गेला. शेवटी वैतागून ओसिलेटर सरळ कार्डला लावला तर तिसरा हार्मोनिक १०० च्याही खाली, मध्ये नॉच घातला की परत ८५. म्हणजे ज्या फिल्टरने डिस्टॉर्शन मोजायचं तोच बनवत होता! जेल रोडवर कपॅसिटर घेताना दुकानदाराने विचारलं होतं कुठला देऊ, मी घाईत म्हणालो कुठलाही १०३ (म्हणजे १० नॅनोफॅरड) चालेल. त्याने एक्स-सेव्हन-आर सिरॅमिक दिले, त्याची काय चूक. त्या जातीची कपॅसिटी व्होल्टेजबरोबर बदलते, म्हणजे प्रत्येक सायकलमध्ये फिल्टरच हलतो. पॉलिप्रॉपिलीनचे लावले आणि तिसरा हार्मोनिक नॉइजमध्ये बुडाला. सिरॅमिकच हवा असेल तर सी-झीरो-जी घ्या, आणि रेझिस्टर मेटल फिल्मचेच.

ट्विन-टी वरून आठवलं, साधा पॅसिव्ह असेल तर तो दुसरा हार्मोनिकही साधारण ९ डीबी खातो आणि तिसरा ५ डीबी. ते परत मिळवायचं असतं, न मिळवता आकडा मिरवणारे खूप भेटतात.

ब्रेडबोर्ड आणि गंजक्या मगर-क्लिपा घेऊन १०० डीबीच्या खाली उतरू नका, सोल्डर करा. पाच मिनिटं वाचवायला जातात आणि पाच दिवस घालवतात.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढा. ५० हर्ट्झचं आणि त्याच्या पटीतलं जंगल बरंचसं तिथेच साफ होतं.

इनपुट फुल स्केलला (कार्डाला झेपणाऱ्या कमाल लेव्हलला) ठोकू नका, मी १० डीबी खाली ठेवतो.

ग्राफच्या तळाची रेघ म्हणजे नॉइज नव्हे. ६५५३६ पॉइंटच्या एफएफटीत (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारं गणित) ती खऱ्या नॉइजपेक्षा साधारण ४५ डीबी खाली दिसते, त्यामुळे "माझा नॉइज मायनस १५०" वगैरे सांगू नका कोणाला. आणि सिग्नल कार्डातूनच काढत असाल तर ४८ किलोहर्ट्झला १००० नाही, ९९९.७५५८५९ हर्ट्झ ठेवा, म्हणजे एफएफटीत बरोबर १३६५ सायकल बसतात आणि ग्राफवर सुराच्या शेजारी चिखल होत नाही. घरचा ओसिलेटर असेल तर हे जमणार नाही, तिथे सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅकमन-हॅरिस विंडो (सिग्नलच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणणारी) लावा.

आणि चालू केल्या केल्या नॉच ट्यून करायला बसू नका. अर्धा तास तापू द्या, मी तेवढ्यात खाली जाऊन पोहे-जलेबी खाऊन येतो. आधीच ट्यून करून गेलो असेन तर परत येईपर्यंत नॉच हललेलाच असतो.