गोव्हनच्या निवडणुकांचा इतिहास वाचताना या चुका टाळा

ग्लासगोतल्या क्लाइड नदीच्या दक्षिण काठावरचा गोव्हन हा मतदारसंघ 2005 साली ब्रिटिश संसदेच्या नकाशावरून पुसला गेला. तरीही स्कॉटलंडच्या राजकारणात रस घेणारा माणूस कधी ना कधी त्याच्यापाशी पोचतोच. 1973 आणि 1988 अशा दोन पोटनिवडणुकांत स्कॉटिश नॅशनल पार्टीने, म्हणजे एसएनपीने, ही जागा मजूर पक्षाच्या हातून हिसकावून घेतली होती. किस्सा रंगतदार आहे, पण निकालांचे तक्ते घेऊन बसलं की गडबड सुरू होते. बहुतेक गडबडीचं मूळ एकच: नाव 120 वर्षं टिकलं, त्या नावाखालची हद्द मात्र सारखी सरकत राहिली.

नाव तेच म्हणून जागा तीच समजणं

सर्वांत जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

1885 साली मतदारसंघ झाला तेव्हा गोव्हन ग्लासगो शहराचा भागच नव्हतं. ती लॅनार्कशायर परगण्यातली एक जागा होती आणि तिथून निवडून आलेले पहिले खासदार विल्यम पीअर्स हे जहाजबांधणी कारखान्याचे मालक, हुजूर पक्षाचे. गोव्हन शहरात विलीन झालं 1912 मध्ये आणि ‘ग्लासगो गोव्हन’ हे नाव आलं 1918 पासून. तेव्हा मजूर पक्षाचे नील मॅक्लीन निवडून आले आणि 1950 पर्यंत हलले नाहीत. एवढी एकच ओळ वाचून लोक लिहून टाकतात, ‘गोव्हन म्हणजे जहाज कामगारांचा अभेद्य बालेकिल्ला’.

मग 1950 आणि 1951 चे निकाल समोर येतात आणि डोकं खाजवावं लागतं. दोन्ही वेळा जागा जॅक निक्सन ब्राउन यांनी जिंकली, आणि ते मजूर पक्षाचे नव्हते. तक्त्यात त्यांच्यापुढे ‘युनियनिस्ट’ दिसेल. हा काही तिसराच पक्ष नव्हे. 1965 पर्यंत स्कॉटलंडमध्ये हुजूर पक्षाची मंडळी याच नावाने लढत.

1955 मध्ये गोव्हन पुन्हा मजूर पक्षाकडे. मतदारांनी ब्राउन यांना घरी बसवलं असं वाटतं ना? तसं झालं नाही. त्या वर्षी हद्दी बदलल्या, ब्राउन शेजारच्या नव्या क्रेगटन मतदारसंघात गेले आणि तिथून जिंकले. गोव्हनमधून आलेले जॉन रँकिन हेही नवखे नव्हते. त्यांची ट्रेडस्टन ही जुनी जागा रद्द झाली होती, म्हणून ते इकडे आले.

क्रेगटनची गोष्ट इथे संपत नाही. 1959 मध्ये तिथे मजूर पक्षाच्या ब्रूस मिलन यांनी ब्राउन यांना हरवलं. पुढे 1983 मध्ये क्रेगटनच रद्द झालं आणि मिलन गोव्हनमधून उभे राहिले. फक्त गोव्हनचा तक्ता पाहणाऱ्याला 1983 साली एक नवा चेहरा दिसतो. प्रत्यक्षात हा माणूस 24 वर्षं खासदार होता आणि 1976 ते 1979 स्कॉटलंडचा कारभार पाहणारा मंत्रीही.

खासदारांच्या यादीत अनोळखी नाव आलं की ते आधी शेजारच्या मतदारसंघांत शोधा, आणि 1918, 1950, 1955, 1974, 1983, 1997 या वर्षांपुढे पेन्सिलीने खूण करून ठेवा. या खुणेच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा सरळ वजा करायचा नाही.

‘मार्गोंना चार महिन्यांत नाकारलं’

8 नोव्हेंबर 1973 ला एसएनपीच्या मार्गो मॅक्डोनल्ड पोटनिवडणुकीत 571 मतांनी जिंकल्या. फेब्रुवारी 1974 च्या सार्वत्रिक निवडणुकीत हॅरी सेल्बी यांनी जागा मजूर पक्षाकडे परत आणली. पोटनिवडणुकीत हरलेले सेल्बीच होते, त्यामुळे सूडकथा छान जमते. मात्र मधल्या काळात नव्या हद्दी लागू झाल्या होत्या. ज्यांनी मार्गोंना निवडलं तेच सगळे मतदार फेब्रुवारीत नव्हते, आणि जे होते ते सगळे नोव्हेंबरमध्ये नव्हते. ‘मतदारांचं मन बदललं’ असं या दोन निकालांवरून सिद्ध होत नाही.

मताधिक्याचे नुसते आकडे शेजारी ठेवणं

571 आणि 3,554. दुसरा आकडा एसएनपीच्याच जिम सिलर्स यांचा, 10 नोव्हेंबर 1988 च्या पोटनिवडणुकीतला. सहापट मोठा विजय? 1973 मध्ये एकूण मतंच 15 हजारांच्या आसपास पडली होती, 1988 मध्ये 30 हजारांच्या. टक्क्यांत पाहिलं तर फरक पावणेचार आणि पावणेबारा, म्हणजे साधारण तिप्पट. (सिलर्स आणि मार्गो हे नवराबायको. ‘गोव्हन दोनदा एकाच घरात गेलं’ हे वाक्य कुणालाही आवरत नाही, मलाही आवरलं नाही.)

33 टक्के स्विंगचा चुकीचा अर्थ

1988 च्या निकालाजवळ ‘33 टक्के स्विंग’ हे लिहिलेलं असतंच. स्विंग म्हणजे एका पक्षाकडून दुसऱ्याकडे मतं किती झुकली याचं माप. त्याचा अर्थ ‘एसएनपीची मतं 33 टक्क्यांनी वाढली’ असा नाही. हिशेब असा: 1987 मध्ये मजूर पक्षाला 64.8 टक्के, एसएनपीला 10.4. दीडेक वर्षाने मजूर 36.9, एसएनपी 48.8. एसएनपीची वाढ 38.4 टक्केबिंदू, मजूर पक्षाची घट 27.9. बेरीज 66.3, तिचं निम्मं 33 आणि थोडं. तुमचं उत्तर 66 किंवा 38 येत असेल तर एक तर निम्मं करायचं राहिलंय किंवा एकाच पक्षाचा आकडा धरलाय.

हा स्विंग विश्वासार्ह आहे, कारण 1987 आणि 1988 ची हद्द एकच होती. कारणंही तेव्हाच्या हवेत होती. 1987 मध्ये स्कॉटलंडच्या 72 पैकी 50 जागा मजूर पक्षाने जिंकल्या तरी लंडनमध्ये सरकार हुजूर पक्षाच्या थॅचर यांचंच राहिलं, आणि पोल टॅक्स, म्हणजे दर प्रौढामागे लावलेला कर, इंग्लंडच्या एक वर्ष आधी, 1989 पासून, स्कॉटलंडवर लादला जाणार होता. मिलन युरोपियन आयुक्त म्हणून ब्रसेल्सला निघाले, जागा रिकामी झाली आणि लोकांना राग काढायला वाट मिळाली.

हरले, तरी तक्त्यात वाढ कशी?

1992 मध्ये सिलर्स मजूर पक्षाच्या इयन डेव्हिडसन यांच्याकडून हरले. पण कित्येक तक्त्यांत त्यांच्यापुढे भलीमोठी अधिक खूण दिसते. छपाईची चूक नाही. सार्वत्रिक निवडणुकीची तुलना बहुधा आधीच्या सार्वत्रिक निवडणुकीशी, म्हणजे 1987 शी करतात. पोटनिवडणूक मध्ये धरत नाहीत. तक्त्याखाली तुलनेचं वर्ष दिलेलं नसेल तर स्वतः एकदा वजाबाकी करून बघा.

दोन गोव्हन

1997 मध्ये मजूर पक्षाचे मोहम्मद सरवर गोव्हनमधून जिंकून ब्रिटनचे पहिले मुस्लिम खासदार झाले. 2,914 मतांनी हरलेल्या उमेदवार होत्या एसएनपीच्या निकोला स्टर्जन. मग कुठे तरी ‘स्टर्जन गोव्हनमधून 2007 मध्ये विजयी’ असंही वाचायला मिळतं, तेही संसदेचं गोव्हन रद्द झाल्यानंतर दोन वर्षांनी. दोन्ही खरं आहे. दुसरं गोव्हन एडिनबराच्या स्कॉटिश संसदेचं, 1999 पासूनचं. 2011 मध्ये हद्द बदलून ते ग्लासगो साउथसाइड झालं. दोघांचे निकाल एका यादीत घालू नका.

2005 नंतरची रेघ ओढणं

स्कॉटलंडच्या जागा 72 वरून 59 झाल्या तेव्हा सरवर ग्लासगो सेंट्रलमध्ये गेले. गोव्हन वस्ती मात्र ग्लासगो साउथ वेस्टमध्ये पडली आणि तिथले खासदार झाले तेच डेव्हिडसन, ज्यांनी 1992 मध्ये सिलर्सना हरवलं होतं. 2015 मध्ये एसएनपीच्या क्रिस स्टीव्हन्स यांनी त्यांचा पराभव केला. याला ‘गोव्हनमधला एसएनपीचा तिसरा विजय’ म्हणायचा मोह होतो. म्हणू नका, तो आकडा साउथ वेस्टच्या तक्त्यातच राहू द्या.