झोप, मोबाइल आणि ‘मला काही होत नाही’: वाहन चालवताना या चुका टाळा

झोप अनावर झाली की गाडी थांबवावी, हे ठाऊक नसलेला चालक विरळाच. तरीही डोळा लागून होणाऱ्या अपघातांत अनेकदा ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा रस्त्यावर सापडत नाही. थकव्यामुळे हात-पाय तर मंदावतातच, पण स्वतःच्या अवस्थेचा अंदाज घेण्याची क्षमताही त्यांच्याबरोबरच ढासळते, आणि थांबण्याचा निर्णय नेमका त्याच क्षमतेवर सोपवलेला असतो. म्हणून हे निर्णय निघण्यापूर्वी, डोके ताजे असताना घ्यावेत, असा या लेखाचा आग्रह आहे.

‘झोप आलीच तर थांबू’ असे ठरवून निघणे

ही सर्वांत घातक चूक आहे. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे समन्वय रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतके बिघडते आणि 24 तासांच्या जागरणानंतर ते 0.10 टक्क्यांच्या पातळीवर जाते, असे ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसून आले. दिवसभर काम करून रात्री लांबच्या प्रवासाला निघणारा चालक दारूच्या थेंबालाही न शिवता याच अवस्थेत स्टिअरिंगवर बसतो. ताशी 90 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला 25 मीटर जाते, म्हणजे अवघ्या चार सेकंदांची डुलकी लागली तर ती 100 मीटर अंतर कोणाच्याही ताब्यात नसताना कापते.

शरीराच्या घड्याळानुसार मध्यरात्रीनंतर दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोपेचा जोर वाढतो, त्यामुळे प्रवासाची आखणी करताना या वेळा शक्यतो टाळाव्यात. मागचे काही किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, गाडी लेन सोडून सरकणे, वेग नकळत कमी-जास्त होणे, फलक नजरेतून सुटणे, पापण्या जड होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी डुलकी जवळ आली आहे असे समजावे आणि पुढच्या सुरक्षित जागी, म्हणजे विश्रांतीस्थळी किंवा पेट्रोल पंपावर, गाडी थांबवावी. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर झोपण्यासाठी थांबणे हा स्वतंत्र धोका आहे.

इथे बहुतेक जण उपायाचीच चूक करतात. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे किंवा तोंडावर पाणी मारणे यांनी काही मिनिटे तरतरी वाटते, पण झोप कमी होत नाही. उलट ‘आता ठीक आहे’ असा खोटा दिलासा मिळतो. त्यापेक्षा एक कप कॉफी घेऊन लगेच 15 ते 20 मिनिटे झोपावे, कारण कॅफिनचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो आणि तोवर डुलकीही पूर्ण होते. जाग आल्यावर सुस्ती पूर्ण उतरेपर्यंत गाडी सुरू करू नये. हा उपाय गंतव्य जवळ असेल तेव्हाचा आहे. राहिलेल्या रात्रीच्या झोपेची भरपाई त्याने होत नाही, आणि अशा वेळी मुक्काम करणे हाच मार्ग उरतो. सर्दी किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, हेही निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. रात्रभर झोपूनही दिवसा पेंग येत असेल आणि घोरण्याचा त्रास असेल, तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवावे.

हात मोकळे म्हणजे लक्ष मोकळे, असे मानणे

गाडी चालवताना फोनवर बोलल्याने अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, असे रेडेलमायर आणि टिबशिरानी यांच्या 1997 च्या अभ्यासात आढळले, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात ठळक सवलत मिळाली नाही. संभाषणात मन गुंतले की डोळे रस्त्यावर असूनही समोर आलेला पादचारी नोंदला जात नाही. शेजारी बसलेला माणूस अवघड वळण पाहून बोलणे थांबवतो. फोनवरच्या माणसाला ते वळण दिसतच नाही. त्यामुळे फोन आवाज बंद करून हाताला लागणार नाही असा ठेवावा, नकाशावरचे ठिकाण निघण्यापूर्वी भरावे, आणि फोन घेणे अटळच असेल तर गाडी थांबवून बोलावे. सिग्नलवर थांबलेले असतानाही संदेश वाचू नयेत, कारण नजर वर उचलली तरी मन लगेच रस्त्यावर परतत नाही.

समजुतींना अनुभव समजणे

1981 मध्ये ओला स्वेन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहभागी अमेरिकी चालकांपैकी 93 टक्के आणि स्वीडिश चालकांपैकी 69 टक्के जणांनी कौशल्यात स्वतःला वरच्या निम्म्यात बसवले. प्रत्येक सुखरूप प्रवासाने ही समजूत घट्ट होत जाते, आणि जिथे केवळ दैवाने साथ दिली तिथेही श्रेय कौशल्याला मिळते. ‘रस्ता पाठ आहे’ असे म्हणणारा चालक ओळखीच्या वळणावर सर्वांत बेसावध असतो. ‘व्हायचे ते होणारच’ असे मानणारा सीट बेल्ट लावण्याचा कंटाळा करतो, आणि ‘एअरबॅग आहे ना’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते की एअरबॅगची रचना बेल्ट लावलेल्या माणसाला गृहीत धरून केलेली असते.

वेगाबद्दलची समजूतही तपासून पाहावी. 100 किलोमीटरच्या प्रवासात सरासरी वेग ताशी 80 ऐवजी 100 ठेवता आला, तरी वाचतात ती फक्त 15 मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार मात्र सरासरी वेगातील एक टक्का वाढीबरोबर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

निघण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: दर दोन तासांनी कुठे थांबायचे, दुसरा चालक कधी बसणार, आणि उशीर झाला तर मुक्काम कुठे. सोबत्यांपैकी एकाला ‘आता थांब’ म्हणण्याचा अधिकार द्यावा आणि त्याने तसे म्हटल्यावर वाद घालू नये. जे इतरांकडून गाड्या चालवून घेतात त्यांच्यावर याहून मोठी जबाबदारी आहे. माल पोहोचवण्याची वेळ विश्रांती धरून आखली नसेल आणि उशिराबद्दल पगार कापला जात असेल, तर चालकाला सावधगिरीचे कितीही धडे दिले तरी तो झोप मारूनच गाडी हाकणार. म्हणून वेळापत्रक आधी बदलावे.